अलीकडे हंट, पलीकडे डाउन

मंगळवारी चॅपेलच्या मागच्या खोलीत
हीटर जळक्या धुळीचा वास सोडत तापतो
आणि मी फळ्यावर लिहिते : हंट डाउन.

हंट म्हणजे शिकार, हे सगळ्यांना ठाऊक.
पण मागे डाउन आलं की, मी सांगते,
ते नुसतं शोधणं उरत नाही.
हात धुऊन मागे लागणं,
बिळात शिरला तर बीळ खणणं,
ओढा ओलांडला तर पलीकडचा काठ हुंगणं
आणि सापडल्याशिवाय घरी न परतणं.
जिथे शोध संपतो ना, तिथे हे डाउन असतं,
एवढंसं, कुत्र्याच्या ओल्या नाकासारखं.

रेबवार अर्थ लिहून घेतो, उजवीकडून डावीकडे.
लेतेब्रहान लिहीत नाही.
ती खिडकीतून वेअरडेलच्या उतारावरच्या मेंढ्या मोजते,
किंवा मेंढ्यांपलीकडचा रस्ता.

मग व्याकरण.
नाम असेल तर कुठेही चालतं,
डाउनच्या आधी कोल्हा, डाउनच्या नंतर कोल्हा,
काही बिघडत नाही.
सर्वनामाला ही मुभा नाही.
त्याला, तिला, त्यांना :
ही मंडळी मधेच उभी राहणार.
अलीकडे हंट, पलीकडे डाउन.

"का?" रेबवार विचारतो.
अकरा वर्षं शिकवतेय, नियम आहे, एवढंच सांगत आले.
"म्हणजे ज्याला नाव आहे," तो म्हणतो,
"तो बाहेर निसटू शकतो."
खडू हातात तसाच राहिला.

कोल्हा मी उदाहरणापुरता घेतला होता.
आमच्या घरात दुसरं उदाहरण नव्हतंच.
आयझॅक शिकारी कुत्र्यांचा राखणदार,
चाळीस कुत्री, चाळिसांची नावं पाठ,
त्यांच्यासाठी शिजवलेल्या घोड्याच्या मांसाचा वास
त्याच्या कोटाला, आमच्या उशांनाही.

एकोणीसशे सहासष्ट, फेब्रुवारी.
मी एकोणीस वर्षांची, धुणीघरात चादरी पिळत होते
आणि ती आत आली. कोल्हीण.
पोटाला चिखल, जीभ बाहेर.
फार उशिरा पोचलेलं माणूस
दार उघडणाऱ्याकडे बघतं, तशी बघितली.
विनवणी नाही, काही नाही.
मी जस्ती टब तिच्यावर उपडा घातला,
सोड्याचं पाणी फरशीभर ओतलं
आणि टबावर बसले.

कुत्री आली, शिंकली.
आयझॅक आला. "इकडे आली का?"
मी म्हटलं, साबण संपलाय, येताना आण.
माझ्याखाली पत्र्यावर काहीतरी टकटकत होतं,
तिचं काळीज, नाहीतर माझंच.

चव्वेचाळीस वर्षं संसार केला, त्याला सांगितलं नाही.
आज नऊ परक्या माणसांना सांगितलं,
सोप्या सोप्या शब्दांत, त्यांना कळावं म्हणून.

लेतेब्रहान खिडकीपासून वळली.
"मिसेस टॅलेन्टायर, टब घातला, वर बसलात.
याचं क्रियापद काय?"
हाइड, मी म्हटलं. तिने मान हलवली.
ते तिला येत होतं. ते एकटीनेही करता येतं.
शेल्टर, मी म्हटलं.
तो शब्द तिच्या अर्जात तीनदा होता,
पुढे तारीख नव्हती.

डिक्शनरी उघडली.
हंट अप : माहिती वगैरे धुंडाळणे.
हंट आउट : अडगळीतून हुडकून वर काढणे.
टबाचं कुठेच काही नव्हतं.
हीटर टिकटिकत गार झाला, रखवालदार किल्ल्या वाजवून गेला.

रात्री आयझॅकची ट्रंक उघडली.
जाड लोकरीचा हिरवा कोट,
अस्तराला अजून तो वास.
तीनदा ब्रशने घासून दोरीवर टाकलाय, वाऱ्याला.
पुढच्या मंगळवारी हंट आउट शिकवायचंय,
उदाहरणाला हाच नेईन.

तिच्या मापाचा नाही.
बाह्या दुमडाव्या लागतील.
आणि वासाबद्दल आधीच सांगावं लागेल,
कोणत्या शब्दांत, ते अजून ठरलेलं नाही.